शाळेसमोरचा गाळा

(माजी विद्यार्थी स्नेहसंमेलनात १९९८ च्या दहावीच्या वर्गातर्फे केलेले भाषण)



संयोजकांनी मला ‘तंत्रज्ञान आणि उद्याचं जग’ असा विषय दिला होता. सॉफ्टवेअरमध्ये वीस-बावीस वर्षं काढलेल्या माणसाला हा विषय देणं म्हणजे डॉक्टरला लग्नात गुडघा दाखवण्यासारखं आहे. मी त्यांना म्हटलं, उद्याच्या जगाचं मला फारसं कळत नाही, पण आपल्या शाळेच्या फाटकासमोरच्या गाळ्याबद्दल थोडं कळलंय, त्यावर बोलू का? ते म्हणाले, बोल, पण वीस मिनिटांच्या वर नको, जेवण थंड होतं.

तर गाळा. समोरचं उडुपी हॉटेल तुम्हा सगळ्यांना आठवत असेलच. खरं म्हणजे आठवायची गरज नाही, ते आजही सकाळी सहाला उघडतं. मघाशी तुम्हाला दारात जी कॉफी मिळाली ती तिथलीच. चार बोटं चार पेल्यांत बुडवून पाणी आणणारा वेटर आता नाही, पण संगमरवरी टेबलं तीच आहेत आणि गल्ल्यावरची बडीशेपेची वाटीही तीच आहे. मालक आपल्याच वर्गातला. नाव घेत नाही, कारण त्याने मला तशी अट घातली आहे. तो तिसऱ्या रांगेत बसलाय आणि आत्ता मान खाली घालून मोबाइल बघतोय. पाठांतर स्पर्धेत दर वर्षी तोच पहिला यायचा, हे मराठीच्या बाईंना आठवत असेल. घरी तुळू, दुकानात हिंदी, आणि शाळेत त्याचा ‘ळ’ आम्हा सगळ्यांपेक्षा स्वच्छ.

ती इमारत पुनर्विकासाला गेली आहे. मुलुंड पूर्वेला आता हे सांगायलाही नको, दर तिसऱ्या इमारतीवर हिरवं जाळं आहे. पण ही पागडीची इमारत आहे आणि आपला मित्र तिथे भाडेकरू आहे. विकासकाने त्याला दोन पर्याय दिले आहेत. रोख रक्कम घेऊन कायमचं निघून जायचं, किंवा चारेक वर्षांनी नव्या इमारतीत तेवढ्याच क्षेत्रफळाचा गाळा घ्यायचा. उत्तर ३१ जानेवारीपर्यंत द्यायचं आहे. आणि नव्या इमारतीच्या दर्शनी कोपऱ्यासाठी एका मोठ्या कॉफी साखळीशी बोलणी चालू आहेत, असं त्याच्या कानावर आलं आहे. म्हणून हा विषय.

आपली पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते. आले हे मोठे परदेशी, चालले आपले छोटे. मलाही तसंच वाटलं होतं. पण थोडं मागे जाऊन पाहिलं की चित्र इतकं सोपं राहत नाही. आपल्या देशातली कॉफीची पहिली मोठी साखळी चक्क सरकारी होती. १९३६ मध्ये कॉफी सेस कमिटीने मुंबईत चर्चगेटला इंडिया कॉफी हाऊस काढलं, कारण मळ्यांतली कॉफी खपत नव्हती आणि लोकांना ती प्यायची सवय लावायची होती. पुढे कॉफी बोर्डाने ती कॉफी हाऊसं बंद करायला घेतली तेव्हा ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने नोकरीवरून निघालेल्या कामगारांनी १९५७-५८ पासून सहकारी संस्था काढून ती स्वतः चालवली. म्हणजे मोठ्यांनी सोडलेलं वेटरांनी उचललं. हा इतिहास मला फार आवडतो. कामगारांनी चालवलेली साखळी यशस्वी होऊ शकते, हे आपल्याकडच्या व्यवस्थापनाच्या वर्गांत क्वचितच कोणी सांगतं.

आणि उडुपी तरी कुठे कायमचे होते? त्यांच्या आधी नाक्यानाक्यावर इराणी होते. ब्रून मस्का, पानी कम, बेंटवूडच्या खुर्च्या. ग्रँट रोडचं मेरवान १९१४ चं. आपल्या उपनगरांत अंधेरी स्टेशनबाहेर मेरवानचे केक आजही लोक उभ्याउभ्या खातात. एके काळी शेकड्यांनी असलेले इराणी आता मोजके उरले. त्यांची जागा मुख्यतः ज्यांनी घेतली ते दक्षिण कन्नड जिल्ह्यातून आलेले लोक. १९४२ मध्ये ए. रामा नायक यांनी माटुंगा स्टेशनसमोर उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग सुरू केलं आणि त्या परिसरात एक अख्खी परंपरा उभी राहिली. आपल्या मित्राचे वडील बाराव्या वर्षी कुंदापूरकडून आले, माटुंग्याला टेबलं पुसली, फोर्टातल्या कन्नड रात्रशाळेत शिकले आणि १९७६ मध्ये इथे मुलुंडला पागडीवर गाळा घेतला. १९७४ मध्ये कर्नाटकात कूळकायदा बदलला आणि बंट कुटुंबांच्या जमिनी गेल्या, तेव्हा त्यांचे दोन धाकटे भाऊही आले. आपल्याला वडासांबार देणारे ‘अण्णा’ म्हणजे हे धाकटे भाऊ.

एक गोष्ट मराठी शाळेच्या व्यासपीठावरून सांगायला थोडी अवघड आहे, पण सांगते. साठच्या दशकाच्या शेवटी याच उडुपी हॉटेलांवर या शहरात दगड पडले होते. तेव्हा ‘बाहेरचे’ ते होते. आज त्यांच्यासाठी हळहळणाऱ्यांत आपण आहोत. हे मी कोणाला टोमणा म्हणून सांगत नाही, फक्त ‘आपलं’ हा शब्द किती लवकर जागा बदलतो ते लक्षात यावं म्हणून सांगते.

आता साखळ्यांकडे येऊ. आपण बारावीत होतो तेव्हा मुंबईत ‘कॅफे’ म्हणजे इराणी. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापर्यंत बरिस्ता आणि कॅफे कॉफी डे आले. कॉफी डेचं पहिलं दुकान १९९६ चं, बेंगळुरूच्या ब्रिगेड रोडवरचं. आणि मुलींनो, तुम्ही मला साक्ष द्या, त्या दुकानांनी आपल्याला एक गोष्ट दिली जी समोरच्या हॉटेलने कधी दिली नव्हती. एकटीने बसायची जागा. उडुप्याकडे ‘फॅमिली रूम’ होती, पडदा लावलेली, आणि तिथे जायला फॅमिली लागायची. आम्ही चौघी दहावीनंतर एक कॉफी वन बाय टू करून बसलो तर सातव्या मिनिटाला फडकं टेबलावरून फिरायचं. कॉफी डेमध्ये मी दोन तास बसून पहिल्या नोकरीच्या मुलाखतीची तयारी केली, कोणी ‘और कुछ?’ विचारलं नाही, आणि स्वच्छतागृह होतं. माझ्या वयाच्या कितीतरी बायका आजही साखळीत जातात त्या कॉफीसाठी जात नाहीत, त्या दाराला आतून कडी लागते म्हणून जातात. छोट्या हॉटेलांच्या बाजूने बोलणाऱ्या पुरुषांना हे सहसा सुचत नाही.

त्यामुळे दोघं एकच वस्तू विकतात असं मला वाटत नाही. साखळी खुर्ची विकते, तासाच्या हिशोबाने, आणि सोबत कॉफी देते. उडुपी पंगत विकतो. पंधरा मिनिटांत माणूस उठला पाहिजे, तरच पस्तीस रुपयांची कॉफी परवडते.

ती परवडते कशी, हा हिशोब त्याने मला वहीच्या मागच्या पानावर करून दाखवला. आपल्या भूमितीच्या सरांना आवडेल अशी रीत आहे. एका पेल्याला साधारण सात रुपयांचं दूध, सात रुपयांची पूड, साखर आणि गॅस मिळून दोन. सोळा गेले, एकोणीस उरले. त्यातून पगार, वीज, धुणं, पालिकेचे परवाने. आता समजा त्याला हा गाळा पागडीऐवजी आजच्या बाजारभावाने भाड्याने घ्यावा लागला. पाचशे चौरस फूट, चौरस फुटाला महिना २५० रुपये धरू. सव्वा लाख झाले. म्हणजे रोजचे जवळजवळ ४,२०० रुपये, आणि एकोणीस रुपयांनी भागले तर रोज २२० कॉफ्या निव्वळ भाड्यासाठी, पगाराचा रुपयाही न धरता. साखळीचा कप अडीचशेचा धरा, सामानाचे साठ काढा. तिला तेच भाडं बावीस कपांत सुटतं. दहा पट फरक. अर्थात उडुपी इडली-डोशावरही कमावतो आणि साखळीला सजावट, वातानुकूलन, मुख्य कार्यालय असले सतरा खर्च असतात. तरी गाळ्याच्या लिलावात हात कोण वर ठेवू शकतो, ते या भागाकारात दिसतं.

शिवाय साखळीला तोटा सोसता येतो. टाटा आणि स्टारबक्स यांची निम्म्या-निम्म्या भागीची कंपनी ऑक्टोबर २०१२ मध्ये हॉर्निमन सर्कलच्या एल्फिन्स्टन बिल्डिंगमध्ये पहिलं दुकान उघडून बसली. २०२३-२४ मध्ये तिची विक्री १,२०० कोटींच्या पुढे गेली आणि तोटा ८० कोटींच्या आसपास होता. म्हणजे बारा वर्षं होत आली तरी फायदा नाही, आणि तरी दुकानं उघडतच आहेत, कारण मागे खिसा खोल आहे. आपल्या मित्राला सलग तीन महिने तोटा झाला तर चौथ्या महिन्यात दूधवाला थांबतो.

पण मोठं म्हणजे अमर, असंही नाही. कॉफी डेची २०१९ च्या सुमारास देशात सतराशेच्या वर दुकानं होती आणि मूळ कंपनीवर सात हजार कोटींच्या पुढे कर्ज होतं. त्या जुलैमध्ये व्ही. जी. सिद्धार्थ गेले. पाच वर्षांत दुकानं पाचशेच्या खाली आली. मुलुंडमध्ये, घाटकोपरमध्ये कितीतरी नाक्यांवर ती लाल पाटी होती आणि गेली. समोरच्या हॉटेलने ती येताना पाहिली आणि जातानाही पाहिली. आपल्या मित्राचे वडील तेव्हा एवढंच म्हणाले होते, ‘पागडी नव्हती त्यांच्याकडे.’

हे वाक्य मी तेव्हा हसण्यावारी नेलं. नंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ वाचला तेव्हा कळलं की म्हाताऱ्याने अर्थशास्त्र सांगितलं होतं. त्या कायद्यात जुन्या भाडेकरूला संरक्षण आहे, पण ज्या कंपनीचं भरणा झालेलं भांडवल एक कोटी किंवा त्याहून जास्त आहे तिला नाही, बँकांना नाही, बहुराष्ट्रीय कंपन्यांना नाही. म्हणजे साखळी बाजारभाव देते आणि छोटा हॉटेलवाला पन्नास वर्षांपूर्वीच्या भाड्याच्या जवळपासचं काहीतरी. घरमालकाच्या बाजूने हा अन्यायच आहे, हेही मान्य करायला हवं. त्याच्या इमारतीला प्लास्टर करायला त्या भाड्यात गवंडीही येणार नाही. आपल्याला स्वस्त कॉफी मिळत होती ती काही अंशी त्या घरमालकाच्या खिशातून. माटुंगा काय, मुलुंड काय, या सगळ्या जुन्या हॉटेलांचा पाया कॉफीइतकाच त्या गोठलेल्या भाड्यावर उभा आहे. ज्यांना तो आधार नाही त्यांना दुसरा काही शोधावा लागतो. जुहूचं पृथ्वी कॅफे नाटकाच्या आवारात आहे, १९७८ पासूनचं थिएटर पाठीशी आहे. वर्सोव्याला लीपिंग विंडोज नावाच्या कॅफेने कॉमिक्सचं वाचनालय जोडलं. २०१३ मध्ये दिल्लीतून घरोघरी ताजी भाजलेली कॉफी पाठवणारी ब्लू टोकाई आली तेव्हा आम्ही तिला ‘छोटी, स्वतंत्र’ म्हणायचो. आता गुंतवणूकदारांच्या पैशावर तिचीही साखळी झाली. छोट्याला वाढायचं असेल तर साखळीच व्हावं लागतं, ही एक विचित्र अडचण आहे.

माझ्या कामाचा संबंध इथे येतो. काही वर्षांपूर्वी मी ज्या कंपनीत होते तिथे आम्ही एका ग्राहकासाठी ‘पुढचं दुकान कुठे काढावं’ हे सांगणारी प्रणाली लिहिली. नावं सांगत नाही. शहराचे छोटे चौकोन करायचे आणि प्रत्येक चौकोनाला गुण द्यायचे. किती कार्यालयं, किती महाविद्यालयं, घरांच्या किमती, संध्याकाळी किती मोबाइल त्या चौकोनात फिरतात, भाडं काय, आणि एक रकाना ‘स्पर्धक’. मी गंमत म्हणून आपल्या शाळेचा चौकोन उघडून पाहिला. हिरवागार. स्पर्धक शून्य. वझे-केळकर कॉलेजच्या मुलांचा लोंढा आहे, स्टेशन जवळ आहे, बँकांच्या शाखा आहेत आणि कॉफी मिळण्याचं ठिकाण म्हणे एकही नाही! समोरचं हॉटेल ‘शाकाहारी उपाहारगृह’ या वर्गात होतं आणि ‘कॅफे’ या वर्गात फक्त साखळ्या मोजल्या होत्या. ही व्याख्या ग्राहकाची होती आणि त्याच्या बाजूने ती बरोबरही होती, त्याला पस्तीस रुपयांच्या पेल्याशी स्पर्धा करायचीच नव्हती. पण त्या दिवशी मला कळलं की नकाशावर रिकामी दिसणारी जागा रिकामी असेलच असं नाही. रोज सकाळी तिथे सव्वाशे माणसं कॉफी पीत होती आणि त्यांतलं एकही त्या रकान्यात नव्हतं.

गंमत अशी की पुढे तोच पेला साखळ्यांना दिसायला लागला. २०२२ मध्ये स्टारबक्सने काही शहरांत मसाला चहा, फिल्टर कॉफी आणि ‘पिको’ नावाचा छोटा कप आणला. किंमत १८५ पासून पुढे. मी ती बातमी आपल्या मित्राला पाठवली. त्याचं उत्तर, ‘छोटा कप? आमचा तर पहिल्यापासून छोटाच आहे.’

पुडीबद्दल दोन शब्द, कारण त्याला त्याचा अभिमान आहे. पूड माटुंग्याहून येते, तिथे मैसूर कन्सर्न्ससारखी दुकानं आजही भाजून दळून देतात. कायद्याप्रमाणे कॉफी-चिकोरीच्या मिश्रणात निदान ५१ टक्के कॉफी हवी, बाकी चिकोरी चालते. हा ऐंशी-वीस वापरतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या बाजारात अरेबिकाचा भाव पाउंडाला चार डॉलरच्या वर गेला, ब्राझीलमध्ये दुष्काळ म्हणून, आणि त्याची झळ इथे आली. सगळ्यांनी सांगितलं, साठ-चाळीस कर, कोणाला कळतंय? त्याने ते केलं नाही. दोन वेळा मिळून पाच रुपये वाढवले आणि सकाळच्या निवृत्त मंडळींच्या शिव्या खाल्ल्या. त्या मंडळींत आपले एक सरही होते असं तो म्हणतो. नाव तेही सांगत नाही.

घरपोच ॲपबद्दल मला नेहमी विचारलं जातं, तू सॉफ्टवेअरवाली, त्याला ॲपवर का नाही टाकत? टाकलं होतं. शंभराच्या ऑर्डरमागे वीस ते तीस रुपये कमिशन, वर सवलतीतला वाटा. डोसा पोहोचेपर्यंत चामडं होतो आणि कॉफीचा फेस बसतो. रेस्टॉरंटवाल्यांच्या संघटनेच्या तक्रारीवरून एप्रिल २०२२ मध्ये स्पर्धा आयोगाने झोमॅटो आणि स्विगीची चौकशी लावली, हे तुम्ही वाचलं असेल. मला विचाराल तर ॲप हे त्याचं मरण नाही आणि तारणही नाही. त्याचं मरण-तारण इमारतीत आहे.

म्हणून इमारतीचं जरा सविस्तर सांगते. उपनगरातल्या भाडेकरू असलेल्या धोकादायक इमारतींसाठी विकास नियंत्रण नियमावली २०३४ मध्ये ३३(७)(अ) हा नियम आहे. त्यात बिगरनिवासी भाडेकरूला आहे तेवढं क्षेत्रफळ मिळतं. कागदावर हे छान आहे. पण क्षेत्रफळ म्हणजे हॉटेल नव्हे. नव्या टॉवरमध्ये तळमजल्यावर गाड्या, त्यामागे वीजकेंद्र, आणि दुकानं उरलेल्या जागेत. तुमचे पाचशे चौरस फूट रस्त्यावर उघडतात की आतल्या अंगणात, यावर सकाळची सव्वाशे माणसं येणार की नाही ते ठरतं.

आणि धुराडं. ही गोष्ट मला एका वास्तुविशारद मैत्रिणीने दाखवली आणि त्यानंतर मी प्रत्येक नव्या इमारतीकडे मान वर करूनच बघते. हॉटेलच्या स्वयंपाकघराचा धूर गच्चीपर्यंत नेणारी नळी नकाशातच असावी लागते. नंतर बसवायची म्हटली तर ती बाविसाव्या मजल्यापर्यंत प्रत्येकाच्या खिडकीशेजारून जाते आणि सोसायटी नाही म्हणते, साहजिकच आहे, एक कोटीचं घर घेतल्यावर सांबाराचा वास कोणाला हवाय? मग अशा गाळ्यात काय येऊ शकतं? बँक, चष्म्याचं दुकान, औषधाचं दुकान, आणि साखळीतला कॅफे, कारण त्याचे पदार्थ मध्यवर्ती स्वयंपाकघरातून तयार येतात, इथे फक्त गरम होतात. म्हणजे उडुपी जातो आणि साखळी येते यात लोकांच्या आवडीचा भाग आहेच, पण पुष्कळ ठिकाणी हा निकाल नकाशावर धुराड्याची रेघ नसल्याने आधीच लागलेला असतो. अंधेरीत, बोरिवलीत, घाटकोपरला जिथे जिथे जुनं हॉटेल इमारतीसोबत गेलं आणि परत आलं नाही तिथे एकदा वर बघा.

मधली चार वर्षं हा आणखी एक प्रश्न. विकासक पर्यायी जागेचं भाडं देतो, निदान सुरुवातीला देतो. पण डोशावरचा माणूस चार वर्षं थांबत नाही. आज तिथे सतरा जण आहेत, आता ते कुंदापूरचे कमी आणि ओडिशाचे, नेपाळचे जास्त. ते वरच्या माळ्यावर राहतात. गाळा गेला की त्यांची नोकरी आणि घर एकाच दिवशी जातं. रोख रकमेचा पर्याय त्या सतरा जणांच्या हिशोबात कुठेच नाही. आणि नवा गाळा बहुधा मालकीचा मिळेल, पण त्याबरोबर देखभालखर्च आणि नव्या दराने मालमत्ता कर येईल. म्हणजे पस्तीसची कॉफी पस्तीसला राहणार नाही. पन्नासची होईल, कदाचित साठची. तो हे लपवत नाही. त्याच्या मुलीने हॉटेल चालवायची तयारी दाखवली आहे, मात्र तिची अट आहे की फॅमिली रूमचा पडदा जाईल, दोन टेबलं बसणाऱ्यांसाठी असतील आणि स्वच्छतागृहाला कडी असेल. मी त्या मुलीच्या पक्षात आहे.

तो स्वतः अजून ठरवू शकलेला नाही. रक्कम मोठी आहे, वय पंचेचाळीसच्या घरात आहे, आईचं डायलिसिस चालू आहे. रक्कम घेतली तरी त्याला नावं ठेवायचा अधिकार या सभागृहातल्या कोणालाही नाही, वर्षातून एकदा येऊन ‘वा, तीच चव’ म्हणणाऱ्यांना तर मुळीच नाही. पण गाळा घ्यायचा असं ठरलं तर करारात काय लिहून घ्यायचं ते आधी ठरायला हवं. रस्त्यावरचं दार, नकाशात धुराडं, तेलकट पाण्याची वेगळी टाकी, करारात ‘उपाहारगृह’ हा शब्द स्पष्ट, मधल्या काळासाठी स्टेशनच्या याच बाजूला जागा, आणि भाड्यासाठी बँकेची हमी. मसुद्यात आज यातलं एकच आहे, क्षेत्रफळ.

मसुद्याच्या प्रती माझ्या पिशवीत आहेत. आपल्या वर्गात दोन वकील आहेत, एक पालिकेत इमारत प्रस्ताव विभागात होता, आणि ब तुकडीतली ती वास्तुविशारद मैत्रीण आज ठाण्याहून मुद्दाम आली आहे. जेवणानंतर आपण पहिल्या मजल्यावर, पूर्वीच्या दहावी क च्या वर्गात बसू. तासभर पुरेल. तिथे पंखा एकच चालतो, तेव्हा आधी येणाऱ्याने खिडकीजवळचा बाक धरावा. कॉफी समोरून येईल, आणि या वेळी पैसे घ्यायचे असं मी त्याला सांगून ठेवलं आहे.